खाट असलेल्या खोलीत मुलाखती घेणं बंद करा

हॉटेलात मुलाखती ठेवण्याला विरोध नाही. भरती दुसऱ्या शहरात आहे, तिथे कंपनीचं ऑफिस नाही, तर हॉटेल घ्यावंच लागतं. संताप येतो तो मीटिंग रूमचं भाडं वाचवायला साहेब जिथे उतरलेत त्याच खोलीत उमेदवारांना वर बोलावलं जातं त्याचा.

त्या खोलीत असतं काय? एक पलंग, भिंतीला लावलेलं टेबल, एक खुर्ची, फार तर एक सोफा. पॅनलवर दोघं असतील तर कुणीतरी पलंगावर बसणार, कधी कधी उमेदवारच. मागे उघडी बॅग, वाळत घातलेला टॉवेल. आग पसरू नये म्हणून अशा खोल्यांचं दार बहुतेक ठिकाणी आपोआप लागतं आणि बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही. आत एकटी मुलगी आणि समोर तिची नोकरी ज्याच्या हातात आहे असा अनोळखी माणूस. ती उत्तरं देणार की दाराकडे लक्ष ठेवणार? "आमच्या मनात काही वाईट नव्हतं" हे ऐकवूच नका. तुमच्या मनात काय आहे ते तिला कसं कळणार? अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने 2018 मध्येच सांगून टाकलं की हॉटेलच्या खासगी खोल्यांत आणि घरांत कामाच्या भेटी, ऑडिशन ठेवू नका. त्याला इतकी वर्षं झाली, तरी अजून "रूमवर या" असा मेसेज जातोच.

मेसेजसुद्धा धड नसतो. फक्त हॉटेलचं नाव आणि वेळ. उमेदवार रिसेप्शनला विचारतो, तर पाहुण्याचा खोली क्रमांक कुणालाही सांगायचा नाही हा त्यांचा नियम, आणि तो बरोबरच आहे. बुकिंग कंपनीच्या नाही, साहेबांच्या नावावर, त्यामुळे कंपनीचं नाव घेतलं की समोरून नुसतं "माहीत नाही". एचआर फोन उचलत नाही कारण ती आत दुसऱ्याची मुलाखत घेतेय. लिफ्टला कार्ड लागतं. वीस मिनिटं अशीच जातात, आणि वर पोचल्यावर उशिराबद्दल बोलणी उमेदवारालाच!

मग लॉबीत घ्या म्हणाल, तर तिथे वेगळी दैना. सोफ्यापुढचं टेबल साधारण 45 सेंटीमीटर उंच, लिहायचं टेबल 75 च्या आसपास. म्हणजे लेखी परीक्षा किंवा लॅपटॉपवरची चाचणी गुडघ्यात वाकून द्यायची. वाय-फायला खोली क्रमांक आणि आडनाव टाकावं लागतं, ते उमेदवाराकडे नसतं. आणि सध्याचा पगार किती, नोकरी का सोडताय, हे शेजारच्या सोफ्यावर आपल्या पाळीची वाट बघणारा पुढचा उमेदवार शब्दन् शब्द ऐकतोय. सध्याच्या कंपनीतलं कुणी तिथून गेलं तर? तो विचार कुणी केलेलाच नसतो.

भामट्यांचं फावतं ते याच गलथानपणामुळे. खऱ्या कंपन्याच खोलीवर बोलावतात म्हटल्यावर, एका दिवसापुरती खोली घेऊन नोंदणी फी उकळणारा आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारा वेगळा ओळखायचा कसा? मुलाखतीला पैसे मागितले किंवा मूळ कागद ठेवायला सांगितले, तर तिथून उठायचं.

व्यवस्थित करायचं तर फार काही लागत नाही. खाट नसलेली छोटी मीटिंग रूम अर्ध्या दिवसासाठी घ्या आणि बाहेर थांबायला चार-पाच खुर्च्या मागून घ्या. बुकिंग कंपनीच्या नावाने करा, तेच नाव रिसेप्शनला लिहून द्या. मुलाखत अर्ध्या तासाची असेल तर पुढच्याला पंचेचाळीस मिनिटांनी बोलवा, म्हणजे एक लांबली तरी सगळ्यांचं वेळापत्रक कोसळत नाही. पॅनलवर दोघं असू द्या. निरोपात हॉलचं नाव, मजला, किती वेळ लागेल आणि आत न बसणाऱ्या माणसाचा फोन नंबर टाका. ऑफिसच्या ईमेलवरून पाठवा, म्हणजे पडताळता येतं. आणि मीटिंग रूम मिळालीच नाही तर सरळ व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्या, पण कुणाला खोलीवर बोलावू नका.