बसतंय की!

मुलगी कितवीत आहे असं कुणी अचानक विचारलं तर मी अडखळतो. सहावी म्हणावं तर ती सातवीत गेलेली असते. पण माझ्या गाडीच्या टायरचं माप मला झोपेतून उठवून विचारा : १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत जी रबराची भिंत असते तिची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. आणि सोळा म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघे सुखाने नांदतात. आमच्या लेखा विभागात असं कुणी लिहून आणलं असतं तर फाईल शेरा मारून परत गेली असती.

गाडी सेकंडहँड. नाव सांगत नाही. जन्म चाकणचा, कूळ जर्मन, इंजिनाला टर्बो, आणि मालक साताऱ्यात सरकारी कारकून. शाहूपुरीतून पोवई नाक्यापर्यंत जाणं आणि संध्याकाळी परत येणं एवढंच तिचं काम. वाटेत गतिरोधक इतके की तिसरा गिअर मी रविवारी, हौसेनं टाकतो. अशा गाडीला रस्त्यावरची पकड वाढवण्याची काय गरज, हा प्रश्न बायकोनं विचारला होता. मला त्याचं उत्तर तेव्हाही आलं नाही, आजही येत नाही.

आग लावली पुण्याच्या भाच्यानं. दिवाळीला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान तिरकी करून म्हणाला, "मामा, गाडी भारी आहे. पण खालून बारीक वाटते." बस्स. त्या दिवसापासून मला गाडी दिसेचना, फक्त चाकं दिसू लागली. छाती पहिलवानाची आणि पाय बगळ्याचे! पार्किंगमध्ये खरोखरच पंखा, म्हणजे चाकावरचा कमानीसारखा पत्रा, आणि चाक यांच्यात एवढी मोठी पोकळी दिसायची की एखादं मांजर संसार थाटेल. (पुढे पावसाळ्यात थाटलाही.)

रात्री जेवणं झाली की मी हिशेबाला बसायचो. नवं माप ठरलं २१५/४५ आर १७. जुन्या चाकाचा पूर्ण व्यास ६२१ मिलिमीटर, नव्याचा ६२५. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर फार खोटं बोलणार नाही. रुंदी वाढणार वीस मिलिमीटर. दोन सेंटिमीटर! माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी झोप सोडतो यावर माझा स्वतःचा विश्वास बसत नव्हता, पण रुपयाचा फरक सापडेना म्हणून मार्चएंडला रात्र काढणारा माणूस मी, मला ही सवय आहे.

हायवेलगतच्या एका दुकानात गेलो. मालक गल्ल्यावर, मागे भिंतभर चकाकणारी मॅगव्हीलं, म्हणजे मिश्रधातूची शोभिवंत चाकं, टांगलेली, खाली टायरची उतरंड. मी कागद काढला आणि विचारायला लागलो. पाच बोल्ट, शंभरचा पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास शंभर मिलिमीटर.

"बसतंय की," मालक म्हणाले.

"रिम साडेसात इंच रुंद आहे. आमची सहाची."

"बसतंय की, साहेब."

"आणि ऑफसेट पस्तीस. मूळचा चाळीस आहे." ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून ती गाडीला टेकते त्या जागेपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये.

इथे त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. इन्स्पेक्शनला आलोय की काय असं त्यांना वाटलं असावं. "आवो साहेब, ह्याच गावात ह्याच्यापेक्षा दांडगी चाकं मी बसवलीत. पाव्हण्यांना चहा सांग रे."

खरं तर मला हिशेब येत होता. दीड इंच रुंदी वाढली म्हणजे एकोणीस मिलिमीटर बाहेर आणि एकोणीस आत. ऑफसेट पाचनं कमी झाला म्हणजे सगळं चाक आणखी पाच बाहेर. चाक चोवीस मिलिमीटर पंख्याकडे सरकणार आणि चौदा मिलिमीटर सस्पेन्शनकडे. हे सगळं कागदावर माझ्याच अक्षरात होतं. पण समोरचा इतक्या शांतपणे "बसतंय की" म्हणत असेल तर हिशेब दाखवणं उद्धटपणाचं वाटतं. मी चहा प्यायलो. रक्कम लिहीत नाही, हा लेख घरात वाचला जाण्याची शक्यता आहे.

पहिली अडचण बोल्टची. माझ्यासारख्या बऱ्याच जर्मन गाड्यांच्या बोल्टचं बूड गोल असतं, चेंडूसारखं; बाहेरच्या मॅगव्हीलला बहुधा लागतं ते निमुळतं, भोवऱ्यासारखं. गोल बोल्ट निमुळत्या खोबणीत नीट टेकत नाही आणि ढिला होतो. हे मला माहीत होतं म्हणून वीस नवे बोल्ट घेतले. जुने वीस बोल्ट मी घरी आणून कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात भरले आणि कपाटावर ठेवले. हे खोकं लक्षात ठेवा.

चाकं बसली. पहिला तास मात्र अवर्णनीय होता. साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकापाशी गाडी तिरकी उभी करून फोटो काढले, मागे अजिंक्यतारा, पुढे चाक. ग्रेड सेपरेटरमधून जाताना काच उगाच खाली केली. कॉलनीत शिरताना वेग मुद्दाम कमी केला, लोकांना बघायला वेळ मिळावा म्हणून. शेजारचे काका गेटपाशी उभे होते. निवृत्त माणूस, गल्लीत कुणाचं कुत्रं कुठं भुंकलं याची त्यांना नोंद. त्यांनी गाडीकडे निरखून पाहिलं, मी काच खाली घेतली.

"गाडी धुतली वाटतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेव्हणे सहकुटुंब आले आणि सगळ्यांना घेऊन राजवाड्यावर भेळ खायला निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मागून आवाज आला. खर्रर्र.

"अहो, खाली काहीतरी खरवडतंय," बायको म्हणाली.

"रस्ता," मी म्हणालो.

रस्ता नव्हता. मेव्हणे होते. पाच माणसं बसली की मागचं स्प्रिंग दबतं, आणि पंख्याची आतली कड माझ्या दोन सेंटिमीटरवर टेकते. त्या दिवसापासून मी माणसांकडे वजनकाट्याच्या नजरेनं बघायला लागलो. सडपातळ पाहुणे मागे, धष्टपुष्ट पुढे. लग्नाला जाताना विहीणबाईंचा मान पाहायचा सोडून त्यांचं किलो पाहणारा यजमान महाराष्ट्रात मी पहिलाच असेन. शेवटी दुकानात जाऊन पंख्याची कड गरम करून रूळ फिरवून आत मुडपून घेतली. मालकांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आता बसतंय." "की" गळला होता. मला तिथंच सावध व्हायला हवं होतं.

कायद्याचंही मन खात होतंच. मोटार वाहन कायद्यातलं ५२वं कलम गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करण्याबद्दल आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये त्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. विमा कंपनीला कळवणं वेगळंच. सरकारी नोकरीत असल्यामुळे खाकी कपडा दिसला की मी गाडीची उजवी बाजू भिंतीकडे करून उभा राहायचो. डावी बाजूही तशीच आहे हे नंतर लक्षात आलं.

पण खरी परीक्षा कऱ्हाडच्या लग्नाला. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, कोरेगावकडच्या गावातून आले होते. वय ऐंशीच्या पुढे, पुढच्या सीटवर. नागठाणे मागे पडलं, वेग ऐंशीच्या वर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. अतीत येईपर्यंत डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवू लागला. आबांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला, गुरांच्या अंगावर ठेवतात तसा.

"का रं, हिला थंडी वाजतीया व्हय?"

मी सांगितलं की बॅलन्सिंगचा प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात बॅलन्सिंग केलं. मग पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा रिमच्या आत एवढी वजनं चिकटली होती की चाक तुळाभार करून आल्यासारखं दिसत होतं. थरथर तशीच. टायर खराब, अलाइनमेंट खराब, बुश खराब, असं ज्यानं त्यानं आपापल्या दुकानात जे विकायला होतं ते खराब असल्याचं सांगितलं.

आबा तेव्हा आमच्याकडेच मुक्कामी होते. एक दिवस चाकासमोर उकिडवे बसले आणि मधलं झाकण काढायला लावलं. आत बघत राहिले. मग माझ्या खिशातली पेन्सिल घेतली आणि चाकाचं मधलं भोक व गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो मधला गोल भाग, यांच्यामधल्या फटीत सरळ आत घातली. पेन्सिल उभी राहिली.

"ह्यो तुंबा. ह्यो आख. मधी पेन्सिल जातीया. वाजणारच की." तुंबा म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा मधला ठोकळा, आख म्हणजे त्यातून जाणारा कणा.

मी कागद काढला. गाडीच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर, मॅगव्हीलचं मधलं भोक ७३.१. कंपन्या भोक मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालते. मधल्या फटीत बसवायला एक साधी कडी मिळते, हब रिंग म्हणतात तिला. ती असली की चाक बरोबर मध्यावर बसतं. माझ्या चाकांना ती नव्हतीच. चारही चाकं नुसत्या बोल्टच्या भरवशावर आपापल्या मतानं फिरत होती.

त्यानंतर तासभर आबांनी मला धाव बसवायची कशी ते सांगितलं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते ती धाव. ती चाकापेक्षा किंचित लहान घ्यायची, गोवऱ्यांच्या जाळात लालभडक करायची म्हणजे लोखंड फुलतं, मग चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आऱ्यांसकट सगळं चाक असं आवळून धरतं की वीस वर्षं हलत नाही. "ल्हान घ्यायची असतीया," आबा पुन्हा म्हणाले आणि माझ्या टायरकडे बघून गप्प बसले.

दुकानात जाऊन हब रिंग मागितली. मालकांनी ड्रॉवर उघडला, त्यात पाऊणशे कड्या होत्या. "ही व्हय? ही असतीया की आमच्याकडं. तुम्ही मागितली न्हाई."

थरथर थांबली. गणपती स्थिर झाला. आणि मी, एखाद्या लढाईतून परतल्यासारखा, सप्टेंबरातल्या रविवारी सगळ्यांना कासला घेऊन निघालो. पठारावर फुलं होती, बुकिंग हातात होतं, भाचाही पुण्याहून आला होता. आई तेवढी गुडघ्यांमुळे घरी राहिली.

यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरलं होतं. समोरून एसटी आली, मी डावीकडे घेतली, आणि पावसाच्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावं मागचं चाक गेलं. एक कोरडा ठोका बसला. रुंदी वाढवली तेव्हा टायरच्या भिंतीची उंची १०७ वरून ९७ मिलिमीटरवर आली होती. मार खायला रबरच कमी. भिंत चिरली. आणि भिंत चिरली की पंक्चरवाल्याची ती गोंदाची वातही उपयोगाची नाही.

हरकत नाही, स्टेपनी होती. मूळची, अरुंद, काळी, पत्र्याची. जॅक लावला, चाक उतरवलं, स्टेपनी चढवली, बोल्ट हातात घेतला आणि माझ्या पोटात गोळा आला. बोल्ट निमुळता. स्टेपनीची खोबणी गोल.

"मामा, बसतंय की," भाचा म्हणाला.

आबांनी बोल्ट खोबणीत धरून हलवला. तो डुगडुगला. मागे दरी होती. भाच्यानं शब्द मागे घेतला.

आईला फोन लावला. "आई, कपाटावर पेढ्यांचं खोकं आहे. शेजारच्या काकांच्या नातवाला स्कूटरवरून दे पाठवून, घाटात. लगेच." तिनं एक प्रश्नही विचारला नाही. पोटच्या पोरानं डोंगरावरून पेढे मागितले तर प्रश्न विचारणारी ती बाई नव्हे.

पाऊण तासानं पोरगं आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत खोकं, त्याच दुकानाचं, तेच छापलेलं. उघडलं. आत कंदी पेढे होते. ताजे. वर तुळशीचं पान.

आईला पुन्हा फोन केला. "ते खोकं जड होतं रे," ती म्हणाली, "मी म्हटलं जुने दगडासारखे झाले असतील. म्हणून नवे आणवले."

पोरगं पुन्हा खाली गेलं. आम्ही कठड्यावर ओळीनं बसून पेढे खाल्ले. धुक्यात सातारा दिसत नव्हता. कासला जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या, काच खाली करायच्या, विचारायच्या, "काही मदत?" आणि आमच्या हातातले पेढे बघून आत आपसात काहीतरी बोलत निघून जायच्या. मुलीनं तिघांना पेढा दिलासुद्धा. एका बाईनं "अभिनंदन हं" म्हटलं.

बोल्ट आले तेव्हा बुकिंगची वेळ टळून गेली होती. पाच गोल बोल्ट आवळले, सावकाश गाडी वळवली आणि घरी आलो. तीन चाकं रुंद, चकाकती. चौथं काळं, बारीक. स्पेशल ड्रेसला एका पायात चप्पल घातल्यासारखी गाडी गल्लीत शिरली.

काका गेटपाशी होते. यावेळी ते चालत गाडीजवळ आले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मी श्वास रोखून उभा.

"चाक बदललंत वाटतं," काका म्हणाले.

"हो!"

"चांगलं दिसतंय." त्यांनी काळ्या स्टेपनीवर थाप मारली. "बाकीची तीन कधी बदलताय?"