अमेरिकन पोलिसांनी गाड्या घेतल्या, पुस्तकं ठेवून दिली

अमेरिकेतल्या पोलिसांचा विषय निघाला की आमच्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी घरांमध्ये हमखास दोन तट पडतात. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड गेल्यानंतर तर जास्तच पडले. मुलं म्हणतात, ही संस्था पळालेले गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांमधून आली आहे, ती सुधारायची नाही. आईवडील म्हणतात, इतकं आधुनिक दल दुसरीकडे कुठे आहे दाखवा, चार वाईट माणसांवरून सगळ्यांना झोडपू नका. मला दोघांशीही भांडायचं आहे. कारण पोलीस कसा असावा याचा फार खोल विचार याच देशात, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, शंभर वर्षांपूर्वी झाला होता. त्यातला सोपा भाग सगळ्या देशाने उचलला आणि अवघड भाग टाकून दिला. आज जे भोगतो आहोत ते त्या निवडीचं फळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधीची अवस्था काय होती ते पाहिल्याशिवाय हा विचार करणाऱ्या माणसांचं मोल कळणार नाही. बोस्टनने 1838 मध्ये आणि न्यूयॉर्कने 1845 मध्ये पोलीस दल उभं केलं, ते लंडनच्या 1829 च्या दलाकडे पाहून. पण लंडनचा पोलीस गृहमंत्र्याच्या हाताखाली होता आणि न्यूयॉर्कचा वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या. सुरुवातीला तर नेमणूकच एका वर्षाची, आणि तीही नगरसेवकाच्या शिफारशीवर. मतदानाच्या दिवशी हा शिपाई कोणाचं काम करणार, हे वेगळं सांगायला नको. दक्षिणेत त्याच्याही आधीपासून, साउथ कॅरोलायनात 1704 पासून, गुलामांवर नजर ठेवणारी गस्तीपथकं होती. मुलं जे म्हणतात ते तिथल्यापुरतं अगदी खरं आहे.

1894 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटने शहर पोलिसांतला भ्रष्टाचार तपासायला लेक्सो समिती नेमली. तिच्यापुढच्या साक्षींची 10,000 हून जास्त पानं झाली. शिपाई म्हणून भरती व्हायला साधारण 300 डॉलर मोजावे लागत. क्रीडन नावाच्या कॅप्टनने तर शपथेवर सांगितलं की कॅप्टनपदासाठी आपण 15,000 डॉलर दिले. एवढा पैसा ओतल्यावर तो वसूल कुठून करायचा? दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, कुंटणखाने. महिन्याचा हप्ता ठरलेला. हे वाचताना मराठी माणसाला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

त्या राळेनंतर 1895 मध्ये थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या चार सदस्यांच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. मध्यरात्री पत्रकार जेकब रीसला बरोबर घेऊन तो रस्त्यांवर फिरायचा आणि बीट सोडून झोपलेले, गप्पा छाटणारे शिपाई पकडायचा. त्याने भरतीसाठी परीक्षा आणली, पिस्तूल चालवायचं शिक्षण सुरू केलं, सायकलपथक काढलं. पण रविवारच्या दारूबंदीचा कायदा इतक्या कडकपणे राबवला की आठवडाभर राबून एक दिवस बिअर पिणारे जर्मन कामगार बिथरले. 1897 मध्ये तो वॉशिंग्टनला निघून गेला आणि त्याच वर्षी टॅमनी हॉलच्या, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांच्या यंत्रणेच्या, मंडळींनी निवडणूक जिंकून शहर परत घेतलं. एका धडाकेबाज माणसाच्या जोरावर झालेली सुधारणा तो माणूस गेला की ओसरते, हे इथे स्पष्ट दिसतं.

आणि म्हणूनच मला रूझवेल्टपेक्षा आमच्या शेजारच्या बर्कलीचा पोलीस प्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर कितीतरी मोठा वाटतो. टिल्डन पार्कमध्ये फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांनी व्हॉल्मर पीक पाहिलं असेल. ते शिखर याच्याच नावाचं आहे.

हा मूळचा न्यू ऑर्लिन्सचा, जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, जन्म 1876 चा. शिक्षण जेमतेम. फिलिपिन्समध्ये सैनिक म्हणून लढून आला आणि बर्कलीत पोस्टमन झाला. 1905 मध्ये लोकांनी त्याला गावचा मार्शल, म्हणजे पोलिसांचा मुख्य, म्हणून निवडून दिलं. 1909 मध्ये ते पद बदलून पोलीस प्रमुखाचं झालं आणि 1932 पर्यंत तो दलात राहिला. त्याने शिपायांना आधी सायकली दिल्या, मग मोटारसायकली, मग मोटारी. रस्त्यांवर विजेचे दिवे बसवले, म्हणजे ठाण्यातून बटण दाबलं की दिवा लागायचा आणि गस्तीवरचा शिपाई जवळच्या फोनपेटीशी धावायचा. गुन्हेगाराची कामाची पद्धत नोंदवून ठेवायची, घटनास्थळावरच्या बारीकसारीक वस्तू प्रयोगशाळेत तपासायच्या, ही शिस्त त्याने लावली. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण तोवर अमेरिकेत येऊन पोचलं होतं, 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातून. त्या वर्गीकरणामागचं गणित कलकत्त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी बसवलं होतं आणि नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं, हेन्रीचं लागलं. विषयांतर होतंय, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

यंत्रं हा व्हॉल्मरच्या विचाराचा निम्मा भाग. उरलेला निम्मा माणसाबद्दल होता, आणि तो मला जास्त भावतो. 1908 मध्ये त्याने बर्कलीत पोलिसांची शाळा काढली. पुढे तिचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा झाला आणि विद्यापीठातले प्राध्यापक येऊन शिपायांना शिकवायला लागले: कायदा, पुरावा, मानसशास्त्र, प्रथमोपचार, रसायन. 1916 मध्ये विद्यापीठातच पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. शिकणाऱ्या मुलांना तो रात्रपाळीच्या शिपायाची नोकरी द्यायचा, म्हणजे दिवसा वर्ग आणि रात्री गस्त. बाकीची दलं त्यांना 'कॉलेज कॉप' म्हणून हसायची. त्यातलाच एक जॉन लार्सन, शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला शिपाई. 1921 मध्ये त्याने खोटं पकडायचं यंत्र बनवलं, ते कशासाठी? संशयिताला बडवून कबुली घेणं थांबावं म्हणून. पुढे त्या यंत्राचा जो वापर झाला तो पाहून लार्सन स्वतःच त्याच्या विरोधात गेला.

1919 मध्ये व्हॉल्मरने वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला भरती केलं. काही गोरे शिपाई राजीनाम्याची भाषा करू लागले. व्हॉल्मर बधला नाही. गॉर्डन गस्त घालत घालत वकील झाला आणि पुढे 1955 मध्ये व्हर्जिन आयलंड्सचा गव्हर्नर झाला. त्याच 1919 मध्ये व्हॉल्मरने पोलीस प्रमुखांपुढे मांडलं की पोलीस हा समाजसेवकही असला पाहिजे. चोर पकडण्याआधी, मूल वाया का जातंय हे त्याला दिसलं पाहिजे आणि शाळा, दवाखाना, धर्मादाय संस्था यांच्याशी त्याचा रोजचा संबंध असला पाहिजे. 1936 मध्ये त्याने लिहिलं की अमली पदार्थांचं व्यसन हा पोलिसांचा प्रश्न नाहीच, तो वैद्यकाचा आहे. ते ऐकलं असतं तर या देशात किती तुरुंग कमी बांधावे लागले असते याचा विचार मी अनेकदा करते.

त्याला देव मात्र करायचा नाही. फिलिपिन्सच्या लढाईतले डावपेच आपण बर्कलीत वापरतो, हे तो अभिमानाने सांगायचा. समाजाच्या शत्रूंशी आपलं युद्ध चालू आहे, ही भाषा त्याचीच. त्याच्या अभ्यासक्रमात त्या काळच्या आनुवंशिकतेच्या आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनाही होत्या. एकाच माणसाने पोलिसाला समाजसेवकही म्हटलं आणि सैनिकही. पुढच्या पिढीने यातलं काय निवडलं, इथेच सगळं घडलं.

व्हॉल्मर एकटा नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये ॲलिस स्टेबिन्स वेल्स बाईंनी नागरिकांच्या सह्या गोळा करून 1910 मध्ये पोलिसाची नोकरी मिळवली आणि मग देशभर फिरून शहराशहरांना बायकांची भरती करायला लावली. त्यांच्याही आधी, 1908 मध्ये, पोर्टलंडमध्ये लोला बाल्डविन होत्या. या बायकांचं काम बहुतेक मुलींना आणि मुलांना वाचवण्याचं होतं, अटकेचं कमी. आणि बोस्टनचे शिपाई विसरू नका. तुटपुंजा पगार, गणवेश स्वतःच्या खिशातून, ठाण्यांची दशा वाईट, म्हणून त्यांनी संघटना काढली आणि 9 सप्टेंबर 1919 ला संप केला. 1,100 हून जास्त शिपाई बाहेर पडले. गव्हर्नर कूलिजने एकालाही परत घेऊ दिलं नाही आणि त्या कडकपणाच्या कीर्तीवर तो राष्ट्रपातळीवर गेला. मागाहून भरती झालेल्यांना मात्र वाढीव पगारही मिळाला आणि फुकट गणवेशही. संपावर गेलेल्यांच्या मागण्या रास्त होत्या याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

1931 मध्ये देशातल्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करणाऱ्या विकरशॅम आयोगाचे अहवाल आले. एका खंडाने पोलीस कोठडीतल्या मारहाणीचं, ज्याला आपणही थर्ड डिग्रीच म्हणतो, शहरागणिक वर्णन केलं. पोलिसांवरचा वेगळा खंड व्हॉल्मरच्या देखरेखीखाली तयार झाला. त्यात मूळ रोग सांगितला होता: पुढाऱ्यांची ढवळाढवळ, प्रमुखाची खुर्ची कधीही जाण्याची भीती, निवड आणि प्रशिक्षणाची आबाळ. 1966 च्या मिरांडा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच आयोगाचा आधार घेतला. गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे जे वाक्य आपण ऐकतो त्यामागे हे अहवालही आहेत.

मग बिनसलं कुठे? व्हॉल्मरच्या शिष्यांच्या हातात. ओ. डब्ल्यू. विल्सन त्याच्याच दलात 1921 मध्ये शिपाई होता. 1928 पासून विचिटाचा प्रमुख, 1950 मध्ये बर्कलीच्या गुन्हेशास्त्र विद्यालयाचा पहिला डीन, 1960 मध्ये शिकागोचा प्रमुख. प्रामाणिक, हुशार, कामाला वाघ. शिकागोत पोलीसच घरफोड्यांना सामील असल्याचं उघड झालं तेव्हा शहराने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. पण त्याचा भर होता रचनेवर: गाडीत एकच माणूस, रेडिओ, आकडेवारी, कोणता भाग किती मिनिटांत गाठता येतो याचा हिशेब. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम पार्करने 1950 पासून हेच टोकाला नेलं. लाच जवळजवळ संपवली, पुढाऱ्यांना दारातून हाकललं, आणि त्याच दाराने नागरिकांनाही बाहेर ठेवलं. ऑगस्ट 1965 मध्ये वॉट्स ही तिथली कृष्णवर्णीयांची वस्ती दंगलीत पेटली. 34 माणसं मेली.

आईवडिलांच्या गटाने इथे थांबून वाचावं. त्या काळच्या दंगलींची कारणं शोधणाऱ्या कर्नर आयोगाने 1968 मध्ये नमूद केलं की देशातली गंभीर दंगल झालेली बरीच शहरं अशी होती, जिथले पोलीस सर्वोत्तम नेतृत्वाचे, सर्वोत्तम प्रशिक्षित आणि सर्वांत व्यावसायिक मानले जात. शिपाई गाडीत बसला आणि वस्तीशी त्याचं बोलणं तुटलं, हेही आयोगाने लिहिलं. 1972-73 मध्ये कॅन्सस सिटीत प्रयोग झाला. काही भागांत गाडीची गस्त वाढवली, काही भागांत बंद केली, काही ठिकाणी होती तशी ठेवली. गुन्ह्यांत फरक पडला नाही, लोकांच्या भीतीतही नाही.

आणि मुलांच्या गटाने हे वाचावं: पुढाऱ्याच्या मुठीतून पोलीस सोडवणं ही छोटी गोष्ट नव्हती. ज्या समाजात ती झालेली नाही तिथे काय होतं ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा. भारतातला मूळ पोलीस कायदा 1861 चा, आणि बदल्या-नेमणुकांमधली ढवळाढवळ थांबवण्यासाठी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रकाश सिंग खटल्यात निर्देश द्यावे लागले. अमेरिकेने ती लढाई बऱ्याच अंशी जिंकली. ज्यांनी जिंकली त्यांना गुलाम पकडणाऱ्यांचे वारस म्हणून एका ओळीत निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. गाडी, रेडिओ, प्रयोगशाळा या गोष्टी अर्थसंकल्पात एकदा मंजूर केल्या की दिसतात, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो. तीन वर्षं शिकलेला, मानसशास्त्र जाणणारा, वस्तीतल्या पोरांना नावाने ओळखणारा शिपाई घडवायला वेळ लागतो, पगार लागतो, धीर लागतो. म्हणून तो टाकून दिला गेला. आज देशात सुमारे 18,000 वेगवेगळी पोलीस दलं आहेत आणि नव्या शिपायाचं अकादमीतलं प्रशिक्षण सरासरी पाच महिन्यांच्या आसपास असतं. व्हॉल्मरने तीन वर्षं मागितली होती. त्याच्या स्वप्नातून उभं राहिलेलं बर्कलीचं गुन्हेशास्त्र विद्यालय 1976 मध्ये बंद झालं. तोपर्यंत तिथले काही प्राध्यापक पोलीस व्यवस्थेवरच कठोर टीका करू लागले होते. ज्या संस्थेने पोलिसांना खऱ्या अर्थाने आरसा दाखवायला सुरुवात केली, तीच चालू दिली नाही, याचा मला आजही राग येतो.

बर्कलीच्या मतदारांनी मात्र 1973 मध्ये नागरिकांचा पोलीस आढावा आयोग मतदानाने स्थापन केला. देशातल्या अशा सुरुवातीच्या आयोगांपैकी तो एक. म्हणजे नागरिकांनी मनावर घेतलं तर दार उघडता येतं.

पुढच्या महिन्यांत आपापल्या शहरांच्या अर्थसंकल्पाच्या बैठका सुरू होतील. कॅलिफोर्नियात 1953 च्या ब्राउन कायद्यामुळे तिथे कोणालाही उभं राहून बोलता येतं, नागरिकत्व लागत नाही, एच-वन व्हिसा चालतो. गणपतीच्या आरतीला आपण शेकड्यांनी जमतो, त्यातल्या दहा जणांनी तरी तिथे जावं. नव्या गाड्या किती घेताय हे विचारू नका, ते यादीत असतंच. शिपायाला मनोरुग्णाशी बोलायला किती तास शिकवता, शिकत असताना त्याला पूर्ण पगार देता का, आणि तो एकाच बीटवर सलग किती वर्षं राहतो, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या बैठकीला पुन्हा विचारा. कोणाला यायचं असेल तर कॉमेंटमध्ये शहराचं नाव लिहा, तारखा मी काढून देते.