दुबईतलं सोनापूर

आठ दिवस दुबईत काढून परवा परतलो. बुर्ज खलिफाचे फोटो टाकत नाही, सगळ्यांचे बघून झालेत तुमचे. ८२८ मीटर आहे, मान दुखते, एवढं पुरे.

खरा जळफळाट झाला तो मेट्रोत. गाडीला ड्रायव्हरच नाही. २००६ साली काम काढलं आणि ९ सप्टेंबर २००९ ला गाडी धावलीसुद्धा! आम्ही गिरगावकरांनी मेट्रोच्या पत्र्यांआडून किती वर्षं गणपती आणले ते आमचं आम्हाला ठाऊक. तरीही 'तिकडे शिस्त आहे हो' हे पालुपद मला पटत नाही. पत्र्यांवरून भांडायला तिथे कोण होतं? हेही धरा की हिशेबात.

जीव रमला तो खाडीवर. बर दुबईहून पलीकडच्या देऱ्याला लाकडी होडी जाते, तिला अब्रा म्हणतात, भाडं एक दिरहम. डिझेलचा वास, मांडीला मांडी लावून बसलेले मलबारी, पठाण, बंगाली, आणि सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी. भाऊचा धक्काच आठवला. १९६६ पर्यंत दुबईत रुपया चालायचा, आणि तेल सापडलं तेही त्याच वर्षी. पण तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी ही खाडी उपसून घेतली ती तेलाआधीच, तीही कर्ज काढून. त्या छातीला मात्र सलाम.

शेवटच्या दिवशी आमच्या चाळीतल्या वहिनींनी लेकासाठी दिलेलं मेतकूट पोचवायला गेलो. पत्ता ऐकून चरकलो. सोनापूर! गिरगावात सोनापूर म्हणजे स्मशान. इथे ती कामगारांची वस्ती, सरकारी नाव मुहैसना. खोलीत सहा जण, वरखाली पलंग, लुंगीचे पडदे, कोपऱ्यात प्रत्येकाचा वेगळा तांदळाचा डबा. पोरगा एसी दुरुस्त करतो. मोठमोठे टॉवर पाहिलेत त्याने, पण सर्व्हिस लिफ्टने. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा कायदा आहे. 'पण काका, गच्चीवरचा पत्रा चारलाही तापलेलाच असतो,' म्हणाला.

निघताना खजुराचा डबा हातात दिला. "आईला सोनापूर सांगू नका हां काका. मी अल कुसैस सांगितलंय."

काल डबा द्यायला गेलो. वहिनींनी पहिला प्रश्न केला, "खोली कशी आहे हो त्याची?"

म्हटलं, "एसी आहे."