‘पाप करा, कबूल करा, पाटी कोरी’ : एवढं सोपं असतं तर!

सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: बायबलच्या जुन्या करारातला देव कोपिष्ट, नव्यातला प्रेमळ; येशू आल्यापासून न्यायनिवाडा बंद; म्हणून ख्रिस्ती माणसाने आठवडाभर काहीही करावं, फादरपुढे कबूल करावं, पाटी कोरी.

‘जुना देव कोपिष्ट.’ दोन करारांत दोन वेगळे देव, हे दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने म्हणून झालंय; इ.स. 144 मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. जुन्या करारातल्याच ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात देव स्वतःची ओळख ‘मंदक्रोध’ अशी करून देतो. आणि योना? निनवे या शहराला देवाकडून माफी मिळाली म्हणून हा संदेष्टा रुसून शहराबाहेर जाऊन बसतो. देव त्याला विचारतो, इथे उजवं-डावं न कळणारी 1,20,000 पेक्षा जास्त माणसं आहेत, गुरंही पुष्कळ. मला कीव येऊ नये? गुरं मोजणारा कोपिष्ट देव मी तरी दुसरा पाहिला नाही.

‘न्यायनिवाडा बंद.’ नव्या करारातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय उघडा. शेवटच्या न्यायाचं चित्र आहे: माणसांची विभागणी, मेंढरं एका बाजूला, शेरडं दुसऱ्या. बोलतोय येशूच, आणि विचारणा भुकेल्याला खाऊ घातलंत का याची. चर्चला किती वेळा गेलात, हे कोणी विचारत नाही. (बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या (ठरावीक प्रार्थनेच्या) रांगेत उभी राहणारी मी इथे दरवेळी जरा चुळबुळते.)

‘पाटी कोरी.’ हा टोमणा येशूचा प्रेषित पौल याच्याही कानावर होता. कृपा वाढावी म्हणून पापातच राहायचं का, असं रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात तो स्वतःच विचारतो आणि ठाम नाही म्हणतो. कृपा विकत मिळत नाही, खरंच. पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीवर जर्मन धर्मसुधारक लूथर 1517 मध्ये उखडला तो त्याचसाठी. पण जक्कय बघा. येशू आधी ‘तुझ्या घरी उतरायचंय’ म्हणतो, मग हा जकातदार आपणहून लुबाडलेल्याची चौपट परतफेड कबूल करतो. कृपा आधी, हिशेब नंतर; पण हिशेब आहेच.

मी दहा वर्षांची असताना मालाडच्या आमच्या वाण्याच्या गल्ल्याजवळची दोनची नोट उचलली होती. कन्फेशनला सांगितलं. जाळीपलीकडून फादरांनी विचारलं, ‘‘खर्च केलेस?’’ केले होते. ‘‘मग आईकडून माग आणि परत कर. तीन ‘नमो मरिया’ प्रार्थना त्यानंतर.’’ म्हणजे आईलाही सांगणं आलं! नोट परत गेली. वाण्याने मात्र पुढे वर्षभर मला गल्ल्यापासून हातभर लांबच उभं केलं.