पाराना अर्ध्या दिवसात उरकायचं गाव नाही

अर्जेंटिनातल्या पाराना शहरावरच्या तुमच्या प्रवासलेखातलं ‘सांता फेहून अर्ध्या दिवसात पाराना उरकतं’ हे काही पटलं नाही. ज्या बोगद्यातून तुम्ही सांता फेहून पाराना नदीखालून पलीकडच्या या शहरात गेलात, त्याची गोष्टच लेखात नाही! पुलाला केंद्र सरकारची परवानगी मिळेना, म्हणून दोन्ही काठांवरच्या प्रांतांनी मिळून नदीच्या तळाखालून वाट काढली. १९६९ साली ती खुली झाली. शिवाय १८५०च्या दशकात हेच शहर अर्जेंटिनाच्या महासंघाची राजधानी होतं.

आणि दुकानं बंद होती म्हणता, पण दुपारी गेलात ना? ती तिथली वामकुक्षीची वेळ (पुणेकरांना वेगळं सांगायला नको). मीही पहिल्या दिवशी असाच वैतागलो होतो. संध्याकाळी उर्किसा बागेच्या उतारावर बसलो, खाली गढूळ तांबूस नदी, शेजारी ‘माते’ या तिथल्या चहासारख्या पेयाचे घुटके घेणारी कुटुंबं. मुक्काम दोन दिवसांनी वाढवला.