‘थोडे तरी रेणू उरतातच’? मिठाचा हिशेब मांडून पाहू

होमिओपॅथीच्या बाजूने एक युक्तिवाद सारखा फॉरवर्ड होत असतो: रेणू अगणित असतात, म्हणून औषध कितीही पातळ केलं तरी थोडे उरतातच, अ‍ॅव्होगॅड्रो अंक (‘मोल’ या ठरावीक गठ्ठ्यात किती कण असतात तो आकडा) हा नुसता अंदाज आहे, आणि आयआयटी मुंबईने तर कण शोधूनही दाखवलेत. यातलं बरंचसं नववीच्या विज्ञानावर तपासता येतं, म्हणून ते तपासायलाच हवं.

‘रेणू अगणित असतात.’
नाही, ते मोजता येतात. वस्तुमानाला एका मोलच्या वस्तुमानाने भागायचं आणि अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने गुणायचं. नेट्रम म्यूर हे होमिओपॅथीचं औषध घ्या. ते म्हणजे आपलं खायचं मीठ. त्याचा एक मोल ५८.४४ ग्रॅमचा. मिठात सुटे रेणू नसतात, म्हणून सोडियम आणि क्लोराइड आयनांच्या जोड्या मोजायच्या. एका ग्रॅममध्ये साधारण एकावर २२ शून्यं इतक्या जोड्या भरतात.

‘थोडे तरी उरतातच.’
सी पोटन्सीत दर पायरीला एक भाग औषध ९९ भाग पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा दुधातल्या साखरेत मिसळतात आणि त्यातला एकच भाग पुढे नेतात. म्हणजे दर पायरीला दोन शून्यं जातात. बावीस शून्यं अकरा पायऱ्यांतच संपली! तिथे एका ग्रॅममध्ये सरासरी एक जोडी. बाराव्या पायरीला शंभर ग्रॅममध्ये एक. बाटलीवर ‘३०’, म्हणजे तीस पायऱ्या, लिहिलेलं असतं तेव्हा एक जोडी सापडायला सुमारे ५० हजार सूर्यांच्या वजनाचं द्रावण लागेल. सुरुवात किलोभर मिठाने केली तरी तीनच शून्यं वाढतात, आणि ती दोन पायऱ्यांत जातात.

उलट, ग्रॅमभर पाण्यात अवघा एक पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) सोडियम अशुद्धी म्हणून राहिला, तरी त्यात सुमारे २,६०० कोटी आयन असतात. म्हणजे औषधापेक्षा अशुद्धीच कितीतरी जास्त. इतकं शुद्ध पाणी मिळवायलाही प्रयोगशाळेला मोठी खटपट करावी लागते.

‘तो अंक अंदाज आहे.’
१८६५ मध्ये लोश्मिट या शास्त्रज्ञाने केलेला तो अंदाजच होता. पुढे पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने द्रवात तरंगणारे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून तो अंक काढला. त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. सिलिकॉनच्या गोळ्यातल्या अणूंमधलं अंतर क्ष-किरणांनी मोजूनही तो पडताळला गेला. २० मे २०१९ पासून तो ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात असा कायमचा ठरवलेला आहे. आणि समजा तो दहापट चुकीचा असता, तरी वरच्या हिशेबात फरक पडला असता अर्ध्या पायरीचा.

‘आयआयटीने कण दाखवले.’
२०१० चा तो शोधनिबंध धातूंपासून बनवलेल्या औषधांबद्दल आहे. त्यात कण मोजले. रुग्ण बरे झाले की नाही, हे मोजलेलं नाही. ३० आणि २०० पोटन्सीतही धातू आढळला, हे मान्य केलं, तर दर पायरीला शंभरपट विरलन होतं हा दावाच कोसळतो आणि बाटलीवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय मीठ पाण्यात पूर्ण विरघळतं. तरंगत राहणाऱ्या धातूच्या कणांचा दाखला नेट्रम म्यूरला लागूच होत नाही.