आरडी ३५०चा गिअर अडतो म्हणून लगेच इंजिन पुन्हा खोलू नका

इंजिनचे पूर्ण काम करून आलेल्या गाडीचा गिअर नीट पडेनासा झाला, की बहुतेक वेळा दोनच निदाने कानावर येतात. एक म्हणजे, ‘नवे काम आहे, हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसेल’. आणि दुसरे, ‘गिअर गेले, इंजिन पुन्हा खोलावे लागेल.’ माझ्या मामांच्या राजदूत ३५०च्या, म्हणजे भारतातल्या आरडी ३५० मोटरसायकलच्या बाबतीत गेल्या पावसाळ्यात मी ही दोन्ही ऐकली आणि दोन्ही चुकीची निघाली. हे सविस्तर लिहितो आहे, कारण माझ्या ओळखीतल्या दोघांनी अशाच भीतीपोटी आपल्या आरडीचे मूळ, धडधाकट गिअर काढून कुठून तरी मिळवलेले जुने गिअर बसवले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०वरून १९८३ साली भारतात आणलेली ही ३४७ सीसीची, जुळ्या सिलिंडरची, सहा गिअरची टू-स्ट्रोक गाडी बंद होऊन तीन दशके उलटली, आणि तिचा प्रत्येक सुटा भाग आता शोधून आणि जपून वापरायची वस्तू झाला आहे. मामांची गाडी १९८७ची, लो टॉर्क म्हणजे कमी ताकदीच्या प्रकारातली. क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा आवाज वाढल्यामुळे चारही मेन बेअरिंग, दोन्ही कनेक्टिंग रॉडची किट, सर्व सील, बोरिंग आणि नवे पिस्टन असे मोठे काम काढावे लागले. आरडीचे क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची पेटी, आडवे उघडते, म्हणजे त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग होतात, आणि क्रँक व गिअर एकाच केसमध्ये असल्यामुळे क्रँकला हात लावायचा तर गिअरही बाहेर येतात. काम चांगले झाले होते, हे मी आवर्जून सांगतो. दोन किकमध्ये गाडी सुरू होत होती आणि आवाज स्वच्छ होता. पण गिअर वर चढवताना बिनतक्रार पडत आणि उतरवताना, विशेषतः चौथ्यावरून तिसऱ्यावर येताना, लिव्हर पूर्ण खाली जाई आणि गिअर मात्र होता तिथेच राही. दुसऱ्यांदा दाबल्यावर तो पडायचा.

इथे एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो. गिअर पडतो, पण ॲक्सिलरेटर दिल्यावर जोर आला की सुटतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा आत असतो: गिअरांच्या बाजूचे, एकमेकांत अडकणारे कान झिजून गोल झालेले असतात, गिअर सरकवणारा काटा, म्हणजे शिफ्ट फोर्क, वाकलेला किंवा जळून पातळ झालेला असतो, किंवा एखादे वायसर वा लॉक राहून गेलेले असते. त्यावेळी केस उघडण्याला पर्याय नाही. पण गिअर पडतच नाही, आणि एकदा पडला की घट्ट धरून राहतो, अशी तक्रार असेल तर आधी बाहेरून आत जात तपासायला हवे. आमची तक्रार या दुसऱ्या प्रकारची होती, आणि तरीही पहिला सल्ला इंजिन खोलण्याचाच मिळाला.

बाहेरून आत जाताना पहिली पाळी क्लचची. आरडीत केबलचा ताण जुळवणे पुरेसे नसते. डाव्या कव्हरमध्ये क्लच सोडवणाऱ्या दांडीचा, म्हणजे पुशरॉडचा, वेगळा स्क्रू आहे. त्याचे लॉकनट सैल करून तो हलका टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि मग पाव फेरा मागे सोडायचा, त्यानंतरच केबलला हात लावायचा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर जड पडतो, न्यूट्रल सापडत नाही, आणि दोष गिअरांच्या माथी मारला जातो. गिअरबॉक्समधले ऑईलही पाहावे. टू-स्ट्रोक असल्यामुळे ते पिस्टनसाठीच्या, पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑईलपासून वेगळे असते आणि जाड ऑईल भरले तर क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. हे सगळे जुळवूनही आमची तक्रार कायम राहिली. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, मागचे चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकून पाहिला. चाक फिरवणे आवश्यक आहे, कारण उभ्या गाडीत गिअरांचे कान समोरासमोर अडून बसतात आणि चांगला गिअरही पडत नाही. अनेक गिअरबॉक्स केवळ या चुकीच्या चाचणीवर बाद ठरवले जातात, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी उजवे कव्हर उघडले आणि क्लच उतरवला. गिअर बदलणाऱ्या शाफ्टवरचा आकडा, म्हणजे हूक, तिथे असतो. त्याची दोन टोके गिअर ड्रमच्या, म्हणजे फिरून शिफ्ट फोर्क सरकवणाऱ्या दंडगोलाच्या, पिना पकडून ड्रम एकेक पायरी फिरवतात, आणि पाय काढला की एक स्प्रिंग आकड्याला मध्यभागी परत आणते. ही स्प्रिंग ज्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसते, त्याचे टोक मुद्दाम एका बाजूला सरकवलेले असते, त्यामुळे स्क्रू फिरवला की आकड्याची विश्रांतीची जागा बदलते. आकडा दोन्ही बाजूंच्या पिनांपासून सारख्या अंतरावर उभा राहिला पाहिजे, एवढेच त्याचे गणित. आमचा आकडा एका बाजूला स्पष्टपणे झुकलेला होता. सफाईसाठी तो स्क्रू काढला गेला, नुसता आवळून परत बसवला गेला आणि त्याचा लॉकही दुमडलेला नव्हता. एका दिशेला पकड भरपूर आणि दुसऱ्या दिशेला अपुरी, म्हणून चढता गिअर पडत होता आणि उतरता राहत होता. पहिला व सहावा सोडून मधल्या गिअरांमध्ये दोन्ही बाजूंचे अंतर जुळवले, लॉक पक्का केला आणि क्लचच्या नटाखाली नवे लॉक वायसर टाकले. ‘गेलेले’ सहाही गिअर आजतागायत त्याच गाडीत आहेत.

कारागिराचे नाव मी मुद्दाम घेत नाही. त्याच्या क्रँकच्या कामाबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप कामाच्या कल्पनेवर आहे. ‘इंजिन काम’ म्हणजे बोअर, पिस्टन, क्रँक, असे गिऱ्हाईकही मानते आणि मजुरीही त्याचीच ठरते; गिअर केवळ वाटेत येतात म्हणून बाजूला काढून ठेवले जातात. केस उघडलेले असते तेव्हाच फोर्कची टोके, गिअरांचे कान, बेअरिंग जागेवर धरणाऱ्या क्लिपा आणि पिना पाहता येतात, आणि सिलिंडर चढवण्याआधी हाताने ड्रम फिरवून सहाही गिअर तपासायला अर्धा-पाऊण तास पुरतो. या वेळेचे पैसे आपण आधीच बोलून, वेगळे द्यायला हवेत. गाडी शनिवारपर्यंत हवी म्हणून कारागिराच्या मागे लागायचे आणि रविवारी गिअर अडला की त्याला दोष द्यायचा, हे न्याय्य नाही.

हे काम कुणी घरी करणार असेल तर एक गोष्ट अजिबात विसरू नये. आरडीचा टू-टी ऑईलचा पंप याच उजव्या कव्हरवर आहे. त्याच्या नळ्या काढल्या असतील तर पंपातली आणि नळ्यांतली हवा पूर्ण काढल्याशिवाय गाडी चालवायची नाही. नाही तर गिअर दुरुस्त होईल आणि नवे पिस्टन जाम होतील. आम्ही हवा काढलीच, शिवाय पहिल्या टाकीभर पेट्रोलमध्ये थोडे टू-टी ऑईल मिसळले, आणि दोन्ही सायलेन्सरमधून सारखा धूर दिसल्यावरच मामांनी गाडी गल्लीबाहेर काढली.